वाडीत घरगुती हरितगृह: कागद टाकू की नेट?

वाडीवाला (समुद्रपूर) · १६ फेब्रुवारी

घरामागच्या वाडीत २० बाय १० फुटांची जागा मोकळी झाली आहे. जुना गोठा होता, तो पाडला. जमीन काळी, विहिरीचं पाणी गोडं, पूर्वेला घराची भिंत आणि पश्चिमेला सगळं उघडं. तिथं स्वतःच्या हातानं हरितगृह उभारायचं ठरवलं आहे. विकायचं काही नाही. मे महिन्यात घरापुरता सांबार (कोथिंबीर) आणि पालक मिळावा, मृगात लावायला मिरची-वांग्याची रोपं घरची असावीत, एवढंच.

जे व्हिडिओ पाहिले ते एक तर बर्फाच्या देशातले, नाही तर नाशिककडचे. आतली ऊब कशी टिकवायची, यावरच सगळ्यांचा भर. आपल्या विदर्भात मे महिन्यात ऊब कोणाला पाहिजे? तालुक्याचा दुकानदार म्हणतो, २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद टाका, बाकी काही लागत नाही. साळा म्हणतो, सावलीची हिरवी नेट टाका. खांब बांबूचे घ्यावे की लोखंडी पाइपचे, हेही ठरत नाही. ज्यांनी केलं आहे त्यांनी सांगा.

रोपवाटिका_वरुड · १६ फेब्रुवारी

नुसता कागद टाकून बाजू बंद केल्या तर एप्रिलमध्येच रोपं शिजतील. ऊन कागदातून आत येते, माती आणि पानं तापतात, त्यांच्यानं आतली हवा तापते, आणि त्या हवेला बाहेर जायला वाट नसते. थंड मुलखात हेच पाहिजे असते. आपल्याकडे हे फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कामाचं.

उन्हाळ्यासाठी नेटच. आमच्या भागात संत्र्याची रोपं, कलमासाठी जंभेरीचे खुंट, सगळं नेटखालीच वाढते. नेटवर ५० किंवा ७५ टक्के लिहिलेलं राहते, ते सावलीचं प्रमाण. पालेभाजी आणि कोवळ्या रोपांना मे महिन्यात ७५ चालेल. टमाटर, मिरची धरायची असेल तर ५० च्या वर जाऊ नका, झाडं नुसती उंच जातात, फूल धरत नाहीत. काळी नेट स्वतःच तापते. पांढरी मिळाली तर बरी, पण ती खेड्यात कोणी ठेवत नाही.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाका. नेटखाली हवा थंड होत नाही. बाहेर ४५ असेल तर आतही त्याच्याच जवळपास. फरक पडतो तो पानाच्या आणि मातीच्या तापण्यात. पानावर थेट ऊन नाही, म्हणून ते कमी पाणी सोडते आणि माना टाकत नाही.

बचतगट_ताई (दारव्हा) · १७ फेब्रुवारी

मला एक कळत नाही, २०० चौरस फुटांसाठी एवढा खटाटोप कशाला? आमच्या गटातल्या बायका दरवर्षी तुऱ्हाटीचा मांडव घालतात. तुरी निघाल्या की तुऱ्हाट्या फुकट. चार डेऱ्या म्हणजे खांब, आडव्या बल्ल्या, वर विरळ तुऱ्हाट्या, पश्चिमेला तुऱ्हाटीचाच कुड (भिंत). खाली वाफे. अंग थोडं ओलं राहावं म्हणून कुडावर संध्याकाळी पाणी मारायचं. ज्यांच्याकडे तुऱ्हाटी नाही त्या जुन्या साड्या ताणतात. साडी एक उन्हाळा टिकते, मग विरते, पण तिला पैसे कुठं पडले?

सांबार तर या मांडवाखाली मस्त येतो. धणे रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, पेरल्यावर वाफ्यावर ओलं पोतं टाका. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पोतं काढायचं, नाही तर कोंब पिवळे होऊन वाकतात.

निवृत्त_कृषीसहायक (वर्धा) · १७ फेब्रुवारी

ताईंचं बरोबर आहे आणि मी त्यांच्या विरोधात बोलणार नाही. उन्हाळा एवढाच काढायचा असेल तर तुऱ्हाटीचा मांडव पुरे. पण भाऊंना मृगाची रोपं करायची आहेत. रोपं ट्रेमध्ये असताना मृगाआधीचा एक वळीव आला की मांडवातून पाणी जसंच्या तसं खाली येते आणि बी उघडं पडते. तिथं कागद लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की सांगाडा एकच करा आणि त्यावरचं पांघरूण ऋतूप्रमाणे बदला. मार्च ते मेअखेर वर नेट, चारही बाजू उघड्या किंवा कीडरोधक जाळी. पावसाळ्यात वर कागद, बाजू तशाच उघड्या. हिवाळ्यात वर कागद, आणि बाजूचे पडदे संध्याकाळी चार-साडेचारला खाली, सकाळी ऊन आलं की वर. सकाळी पडदा उघडायला उशीर करू नका. रात्रभर कागदाच्या आतून दव धरते, ते पानावर गळते आणि करप्याला तेवढंच पुरते.

उंचीत कंजुषी करू नका. लोक बुटकं करतात, कारण वाऱ्याची भीती आणि सामान कमी लागते. पण बुटक्या घरात तापलेली हवा झाडाच्या डोक्यावरच बसते. मधोमध निदान १० फूट, कडेला ७. आणि माथ्यावर फट ठेवा. छपराचा एक उतार दुसऱ्याच्या फूटभर वर न्यायचा, मधल्या उभ्या फटीला जाळी लावायची. तापलेली हवा आपोआप वर जाऊन तिथून निघते आणि खालून नवी येते. पंखा नको, वीज नको. भारनियमनाच्या गावात हेच चालते. फटीचं तोंड मात्र पूर्वेकडे ठेवा, पावसाचा मारा आपल्याकडे बहुतेक पश्चिमेकडून येतो. पश्चिमेची बाजू उघडी आहे म्हणता, तिथं दुपारनंतरचं ऊन सर्वांत वाईट. दोडक्याचा किंवा पोपटीचा (वालाचा) वेल चढवून द्या.

अनुदानाचं कोणी विचारण्याआधीच सांगतो. शेडनेटच्या सरकारी योजना गुंठ्यांच्या हिशेबात चालतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुमची जागा त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. महाडीबीटीच्या सरकारी पोर्टलवर चकरा मारण्यात अर्थ नाही. बचतगटांच्या उमेद अभियानातल्या पोषण परसबागेत बियाणं किंवा प्रशिक्षण मिळते का, ते ताई सांगू शकतील.

जाता जाता, हे सगळं आपल्या भागात नवं आहे असं समजू नका. अंजनगाव सुर्जीकडचे, रामटेककडचे पानमळे कोणी आतून पाहिले असतील तर आठवा. शेवरी-पांगाऱ्याची सावली, चारही बाजूंनी वाऱ्याला आडोसा, रोजचं पाणी. बाहेर लू चालते आणि आत पानवेल हिरवीगार. प्लास्टिक नव्हतं एवढंच.

वाडीवाला · १७ फेब्रुवारी

काका, पांघरूण बदलायची कल्पना पटली. आता खांबांचं बोला. बांबू घेतला तर किती वर्षं टिकेल? एक जण म्हणतो प्लंबिंगचे प्लास्टिक पाइप वाकवून कमानी कर, दोन दिवसांत होते.

बांबूवाला_परतवाडा · १८ फेब्रुवारी

प्लास्टिकच्या पाइपचं नावच काढू नका. मे महिन्यात ते मऊ पडून बसतात. शिवाय पीव्हीसी जिथं कागदाला टेकते तिथं कागद लवकर कडक होऊन तडकतो. कोणी बसवलेच असतील तर मध्ये जाड कापडाची पट्टी घाला.

आता बांबू. टिकतो की नाही हे तो कधी तोडला यावर आहे. दिवाळीनंतर, तीन वर्षांच्या वरचा घ्यायचा. कोवळ्या बांबूत आणि पावसाळ्यात तोडलेल्यात गोडी जास्त, त्याला भुंगा लागतो. आपल्याकडचा मानवेल भरीव असतो, खांबाला तोच. पोकळ काटस बांबू आडव्या कामाला चालतो, त्याच्या कामट्या चांगल्या निघतात. आणल्यावर वाहत्या नाल्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवा, वर दगड. पाण्याला वास येतो, येऊ द्या, ती गोडीच निघते. नंतर सावलीत उभे करून वाळवा. उन्हात आडवे टाकले तर उकलतात.

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवले तर भुंग्याचं आणखी कमी. पण हे औषध पाण्यानं धुऊन जाते, म्हणून जमिनीतल्या टोकाला त्याचा भरवसा नाही. उधई (वाळवी) खालूनच लागते. बांबू मातीत रोवूच नका. सिमेंटच्या गट्टूत लोखंडी सळई उभी करायची, बांबूच्या खालच्या पेराला भोक पाडून त्यात ती घालायची. बांबू जमिनीपासून वीतभर वर राहतो.

असं केलं तर सात-आठ वर्षं आरामात. नाही केलं तर दुसऱ्याच पावसाळ्यात खालून पोकळ. आणि २०१७ पासून स्वतःच्या वावरातल्या बांबूला झाडाचा कायदा लागत नाही, तोडायला-न्यायला परवाना नको. जंगलातल्या बांबूचे नियम वेगळे, ते विसरू नका.

वेल्डिंग_हिंगणघाट · १८ फेब्रुवारी

बांबूवाले भाऊ बांबूच सांगणार, मी पाइपच सांगणार. गॅल्वनाइज्ड पाइप एकदा उभा केला की पंधरा-वीस वर्षं पाहायचं काम नाही. खर्च जास्त, मान्य. पण पाइपची एक गोष्ट कोणी सांगत नाही. उन्हात पाइप इतका तापतो की कागद टेकतो त्याच रेषेवर फाटतो. वरच्या अंगाला पांढरा रंग मारा किंवा पांढरी पट्टी गुंडाळा.

खरी अडचण तुमची जमीन आहे. काळ्या मातीत काहीही रोवा, पावसाळ्यात फुगून उचलते आणि मे महिन्यात भेगा पडून सोडते. खांब हातानं हलतो. खड्डा अडीच फूट घ्या, मुरूम लागला तर उत्तमच. काढलेली काळी माती परत खड्ड्यात टाकायची नाही. तळाला गिट्टी, मध्ये खांब, भोवती मुरूम ठोकून ठोकून, वर काँक्रीटची कॉलर. खांबाच्या खालच्या टोकाला आडवी सळई वेल्ड करा, म्हणजे वाऱ्यानं उपसून येणार नाही.

घाटावरचा (चिखली) · १९ फेब्रुवारी

उपसून येणे हा शब्द महत्त्वाचा. हरितगृह दबून पडत नाही, उडून जाते. वावधनात (वादळात) वारा एका बाजूनं आत शिरतो आणि छपराला खालून उचलतो. म्हणून बाजू उघड्या असतील तर समोरासमोरच्या दोन्ही उघड्या पाहिजेत, आत आलेला वारा तसाच पार निघाला पाहिजे. तीन बाजू बंद आणि एक उघडी, हे सर्वांत घातक.

नेट खिळ्यांनी ठोकू नका. जिथं खिळा तिथून चीर. नेटची कड दोनदा दुमडून त्यावर बांबूची कामटी ठेवा आणि तारेनं आवळा. पाइप असेल तर प्रोफाइल (खाचेची पट्टी) आणि तिच्यात बसणारी झिगझॅग स्प्रिंग मिळते, तिच्यानं कागद बदलणं दहा मिनिटांचं काम होते. वर नायलॉन दोरीचे तिरपे वेढे घाला.

गारपीट आठवते नं सगळ्यांना? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, संत्री, सगळंच आडवं झालं होतं. आमच्याकडे तेव्हापासून कागदाच्या वर वीतभर अंतर सोडून जुनी नेट ताणायची सवय लागली. गार आधी नेटवर पडते, तिचा जोर मरतो. फेब्रुवारी, मार्च हे दोन महिने कागद उघडा ठेवूच नका.

खारपाण (दर्यापूर) · १९ फेब्रुवारी

समद्यायनं खांब, कागद, नेट सांगतलं. पाण्याचं कोनी काहून नाई बोलत? वाडीवाल्या भाऊचं पानी गोडं हाये, नशीबवान हाये थो. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पानी तोंडात घेतलं तं थुकून द्या लागते. असं पानी फॉगरमंधी (पान्याचं धुकं सोडते थ्या यंत्रात) टाकलं तं आठ-पंधरा दिवसात नोझल पांढरे पडून बंद. आन जे थेंब पानावर वाळतात थे पानाच्या कडा जाळतात. ड्रिपचंही तसंच, लॅटरलच्या (नळीच्या) भोकात खार बसते.

आमच्या इकळे एकच इलाज, पावसाचं पानी. टिनाच्या छपराले पन्हाळ लावून टाकीत सोडा. हिशेब सोपा हाये. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पानी म्हंजे एक लिटर. तुमचं २० बाय १० म्हंजे साडेअठरा चौरस मीटर. ५० मिलिमीटरचा एक पाऊस आला तं नवशे लिटर नुसत्या हरितगृहाच्या कागदावरून. थे नालीत काहून जाऊ द्यायचं?

आन ट्रेमंधी वावरातली काळी माती भरू नका बाप्पा. वाळली की गोटा, भिजली की चिखल. मुळीले हवाच भेटत नाई. कोकोपीट आन गांडूळखत, नाई तं पोयट्याची माती, शेणखत आन वाळू.

वाडीवाला · २३ मार्च

सांगाडा उभा झाला. खांब पाइपचे घेतले, आडवं आणि छपराचं काम मानवेल आणि कामट्यांचं. बांबूवाले भाऊ आणि वेल्डिंगवाले भाऊ, दोघांनीही अर्धं-अर्धं समाधान मानून घ्यावं. खड्ड्याला मुरूम तीन फुटांवर लागला. माथ्यावर पूर्वेला तोंड करून फट ठेवली. वर ७५ टक्के नेट, पश्चिमेला ताईंच्या पद्धतीनं तुऱ्हाटीचा कुड, पोपटीचा वेल पावसाळ्यात चढवू. आत तीन वाफे आणि ट्रेसाठी बांबूचं मंचक. पालक पेरला.

एक संकट मात्र या धाग्यावर कोणी सांगितलं नव्हतं. वानरं. काळतोंड्यांची टोळी कवठावरून घराच्या टिनावर आणि टिनावरून थेट नेटवर. त्यांना वाटते झोका बांधला आहे. एका कोपऱ्यात हातभर फाटली.

झाडीपट्टी (साकोली) · २४ मार्च

वानरं कोणाकडे नाहीत जी? नेट ढिली असली की त्यांना उडी मारायला आवडते. सगळा जोर लावून ताणा, ढोलकीवाणी वाजली पाहिजे, मग पाय घसरतो आणि मजा जाते. घराचं टिन आणि नेट यांच्यात उडीचं अंतर सोडता आलं असतं तर उत्तम. आता झालंच आहे, तर टिनाच्या त्या कडेला बोरीच्या काटेरी फांद्या बांधा. फटाके, डबे यांची त्यांना आठ दिवसांत सवय होते.

फाटलेली नेट लगेच शिवा, मच्छीमाराच्या जाळ्याचा दोरा घेऊन. दोन दिवस सोडली की चीर वाऱ्यानं वाढत जाते.

वाडीवाला · ११ एप्रिल

काटे बांधले, सध्या शांतता आहे. पालक दोनदा कापला. टमाटराची दोन-चार झाडं हौसेनं लावली, त्यांची पानं आता खालून पिवळट, बारीक ठिपके, आणि मागच्या बाजूला जाळ्यासारखं काहीतरी. फूल येते आणि गळते. पाणी तर बरोबर आहे.

बचतगट_ताई · ११ एप्रिल

लाल कोळी आहे. कोरड्या, तापलेल्या हवेत आणि आडोशाला तो फार वाढतो. पानाच्या मागून जोरात पाण्याचा फवारा मारा, सकाळी, लागोपाठ काही दिवस. मग ५ टक्के निंबोळी अर्क. १०० लिटरला ५ किलो निंबोळी लागते, तुम्हाला १० लिटरच करायचा तर अर्धा किलो. कुटून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, थोडा साबणाचा चुरा टाका. संध्याकाळी मारा, उन्हात मारला तर पानं भाजतात. निंबोळ्या जूनमध्ये वेचून वाळवून ठेवायच्या असतात. यंदा कोणाकडून मागून घ्या.

फार पिवळी झालेली पानं तोडून बाहेर नेऊन जाळा, वाडीतच उकिरड्यावर टाकू नका.

निवृत्त_कृषीसहायक · १२ एप्रिल

फूलगळ मात्र किडीची नाही. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की टमाटराचा पराग निकामी होतो. नेट काय, कोणी काही करू शकत नाही. टमाटर मे महिन्यात धरायचा हट्ट सोडा, झाड जगवा, जुलैत पुन्हा फुलेल. मेमध्ये पालक, चवळई, सांबार आणि ट्रेतली रोपं, एवढ्यासाठीच हे घर.

कागद लावाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. गंधकाची भुकटी आणि फवारणी कागदाचं आयुष्य कमी करते. आत गंधक वापरणार असाल तर अगदी गरजेपुरतंच. आणि मिरचीचं बी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये पडू द्या, रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे धरा.

वाडीवाला · ९ मे

मिरची, वांगी पेरली. नेटखाली झाडाच्या उंचीवर, सावलीत थर्मामीटर टांगला. काल दुपारी ४४ दाखवत होता. ट्रे दिवसातून तीनदा भिजवतो तरी वरचा थर वाळते. घरात जुना कूलर पडून आहे, तो आतमध्ये तोंड करून लावला तर?

खारपाण · ९ मे

लावा नं भाऊ! तुमचं पानी गोडं हाये, तुमाले काय अडचन? आपल्या उन्हात कूलर जेवढा काम करते तेवढा मुंबईवाल्यायच्या एसीलेही जमत नाई. मे महिन्यात दुपारी हवा कोरडी खडखडीत. ४५ अंश आन हवेत १५ टक्के वलावा, असं असलं तं ओल्या फडक्यातला थर्मामीटर २४ च्या आसपास दाखवते. म्हंजे पानी उडून एवढा गारवा भेटू शकते. कूलर तेवढा पुरा देत नाई, पन ३० च्या आसपासची हवा त्याच्या तोंडापुढं भेटते. कूलरचं मागचं अंग हरितगृहाच्या बाहेर पायजे, बाहेरची कोरडी हवा ओढली पायजे. आतलीच हवा घुमवली तं तासाभरात दमट होऊन कूलर बेकार.

रोपवाटिका_वरुड · ९ मे

बाजू उघड्या असलेल्या नेटमध्ये कूलरची हवा दोन फुटांवर विरून जाते. हा खर्च विजेचा आणि पाण्याचा, आणि मे महिन्यात विहीर किती देते ते पाहा. त्यापेक्षा ट्रेच्या मंचकाभोवती तीन बाजूंनी ओली पोती टांगा, वर टिनाच्या डब्याला बारीक भोकं पाडून पोत्यावर थेंब-थेंब सोडा. वारा पोत्यातून आत येतो, तोच कूलर. वाळ्याची ताटी मिळाली तर पोत्यापेक्षा बरी. मंचकाच्या खाली वाळू पसरून ती ओली ठेवा. ट्रे दुपारी भिजवू नका, विहिरीवरून आलेल्या पाइपमधलं पाणी उकळल्यासारखं राहते. पहाटे आणि दिवस बुडताना द्या.

खारपाण · ९ मे

पोत्याचं पटलं. पन एक कोपरा जरी कागदानं बंद करून कूलर लावला तं रोपं जास्त खुश रायतीन. पाहा तुम्ही.

झाडीपट्टी · १० मे

काहीही करा, पण आता हात घालण्याआधी पाहा जी. बाहेर सगळं भाजून निघते आणि गावात ओली, गार, सावलीची एकच जागा तुमच्या वाडीत. बेडूक येतील, बेडकामागं साप येतील. ओल्या पोत्याच्या घडीत विंचू बसते. पोतं काठीनं उचला, हातानं नाही. पहाटे आत जाताना टॉर्च आणि पायात बूट. पोरांना एकट्यानं सोडू नका. मंचक जमिनीपासून अडीच फूट ठेवा आणि खाली अडगळ साठू देऊ नका.

वाडीवाला · ३० मे

नवतपा (मेअखेरचे नऊ तापते दिवस) चालू आहे. पोत्यांचा आडोसा केला, कूलर राहू दिला, कारण विहीर तळाला गेली आहे. मिरची उगवली चांगली. वांग्याची थोडी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. सांबार रोजच्या भाजीपुरता निघते, शेजारच्या वहिनी वाटी घेऊन येतात. बाजारात जुडी हातात धरवत नाही एवढी महाग.

आता कागद कधी चढवू? वाऱ्याचे दिवस आहेत, भीती वाटते.

निवृत्त_कृषीसहायक · ३० मे

आडवी झालेली रोपं म्हणजे बुडकूज. पोत्यांमुळे ओल फार धरली असेल. रोपं दाट असतील तर विरळ करा, ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशी) पाण्यातून द्या, आणि संध्याकाळचं पाणी बंद करून फक्त पहाटेचं ठेवा. मेलेली रोपं उपटा.

कागदासाठी पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहू नका, पण आजही चढवू नका. आत्ता चढवला तर नवतप्यात रोपं शिजतील. हवामान खात्याचा अंदाज पाहत राहा, आकाश भरून यायला लागलं की सकाळी नऊ-दहाला, वारा पडलेला असताना, चार माणसं घेऊन चढवा. भर दुपारी कागद तापून पसरलेला असतो, तेव्हा ताणला तर थंडीत आखडून कामट्या ओढतो. गार पहाटे ताणला तर दुपारी लोंबतो. नेट काढून ठेवायची नाही, कागदाच्या खालून अर्ध्या भागात सरकवता येईल अशी ठेवा. जूनमध्ये पावसाची उघडीप पडली की ऊन मेसारखंच लागते.

झाडीपट्टी · ३१ मे

उताराचं पाहिलं का जी? आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे एका रात्रीत १०० मिलिमीटर पडते. दोन कामट्यांमधलं अंतर जास्त असलं तर कागद मध्ये लोंबते, तिथं पाणी साठते, साठलं की आणखी लोंबते. सकाळी पाहिलं तर छपरात घागरी लटकलेल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, कामट्या मोडायला वेळ लागत नाही. कागद चढवण्याआधी आजच आणखी आडव्या कामट्या घाला, दोन कामट्यांत दीड फुटापेक्षा जास्त अंतर नको. कामटीची धार तासून घ्या, गाठी गुळगुळीत करा, नाही तर तिथंच भोक पडते. पाऊस चालू असताना लोंब दिसला तर खालून झाडूच्या बुंध्यानं हळूच उचलून पाणी ढकला. टोकदार काठी घेऊ नका.

बचतगट_ताई · ३१ मे

आणि पावसाळ्यात जाळी लावून बाजू बंद केल्या की मधमाशी आत येत नाही, हे लक्षात घ्या. टमाटर, मिरची, वांगी यांना फरक पडत नाही, फुलोऱ्यात सकाळी दांडी धरून हलकं हलवलं की झालं. काकडी, दोडकी, ढेमसं आत लावाल तर हातानं करावं लागते. नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचं. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असते, त्यावरून ओळखा. काकडीचं सकाळी आणि दोडक्याचं संध्याकाळी, कारण दोडक्याचं फूल दिवस बुडताना उमलते. एवढं कोण करते? वेल बाहेर कुडावरच चढवा.

वाडीवाला · १ जून

कामट्या उद्या वाढवतो. कागद २०० मायक्रॉन, यूव्हीवाला (ऊन सोसणारा) घेतला, पट्टीवर छापलेलं पाहून. दुकानात साधा पारदर्शक कागदही अर्ध्या किमतीत होता.

घाटावरचा · १ जून

साधा घेतला नाही ते बरं केलं. तो एका उन्हाळ्यात चुरा होतो आणि तुकडे वावरभर उडतात, ढोरं खातात. यूव्हीवालाही साधारण तीन वर्षांनी पिवळा पडतो आणि उजेड कमी देतो. तेव्हा जाळू नका. धड तुकडे कापून कुटाराच्या ढिगावर झाकायला किंवा ट्रेखाली अंथरायला चालतात.

पाणी कुठं सोडणार आहात? पन्हाळीचं ठरवलं का?

वाडीवाला · १ जून

पश्चिमेच्या कडेला चार इंची पाइप उभा चिरून पन्हाळ केली. कागदाला तो टेकत नाही, खाली दोन इंच सोडला आहे. तोंड २०० लिटरच्या ड्रममध्ये, ड्रम भरला की पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात. पहिल्या पावसाचं धूळपाणी बाहेर सोडायला मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) बसवला आहे. अंदाज पाहून गुरुवारी सकाळी कागद चढवायचा विचार आहे. वारा असला तर शुक्रवारी. साळा आणि दोन शेजारी सांगून ठेवले.

खारपाण · १ जून

ड्रमावर जाळी लावजा, नाई तं आठ दिवसात डासायचा कारखाना. आन एका ड्रमानं काय होते भाऊ, नवशे लिटरचा हिशेब सांगतला होता नं?